नोकरी खेड्यात, घर कुठल्या नाक्यावर?

घर नोकरीच्या जवळ असावं, हा सल्ला ऐकायला छान. हिंगोली जिल्ह्यातल्या पगारदाराने तो पाळायचं ठरवलं तर मात्र त्याची पंचाईत होते. का ते कळायला सकाळी नऊच्या सुमारास हिंगोलीच्या नांदेड नाक्यावर उभं राहावं. कळमनुरीकडून येणाऱ्या गाड्यांतून कॉलेजची पोरं, दवाखान्याला आलेली म्हातारी माणसं, कोर्टकचेरीची कामं काढून आलेले शेतकरी उतरत असतात. त्याच वेळी डब्याची पिशवी हँडलला अडकवून गुरुजी, ग्रामसेवक, परिचारिका, बँकेतले कॅशियर शहराबाहेर निघालेले असतात. सगळं जग या प्रकाराला ‘अपडाऊन’ म्हणतं आणि मराठवाड्यातल्या मध्यमवर्गाचं निम्मं आयुष्य त्यात जातं.

हे असं का झालं, ते जिल्ह्याच्या रचनेतच आहे. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा पाच तालुक्यांचा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 11 लाख 77 हजार, आणि त्यातले शंभरातले पंच्याऐंशी लोक खेड्यात राहणारे. हिंगोली शहर तेव्हा पंच्याऐंशी हजारांचं होतं. मोठे कारखाने फारसे नाहीत, त्यामुळे महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी म्हणजे बहुतेक वेळा सरकारी किंवा बँकेची. आणि या नोकऱ्या सरकारने मुद्दाम पसरून ठेवल्या आहेत. गाव तिथे शाळा, सपाट भागात 30 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, पाच हजारांमागे उपकेंद्र, काही गावांमागे एक तलाठी सज्जा. उलट बालरोगतज्ज्ञ, नीटची शिकवणी, बरी इंग्रजी शाळा, सोनोग्राफी या गोष्टी आपोआप तालुक्याला आणि जिल्ह्याला गोळा होतात. नोकरी पसरलेली, सोयी एकवटलेल्या. मधलं अंतर मोटारसायकलने भरून काढायचं.

कागदावर हे चालत नाही. नेमणुकीच्या गावी, म्हणजे मुख्यालयी, राहायचं असा नियम आहे आणि घरभाडे भत्ता त्याच्याशी बांधलेला आहे. 2019 मध्ये ग्रामविकास विभागाने मुख्यालयी राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठरावच मागितला. 2022 मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत हा विषय काढला, तेव्हा शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या होत्या. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. गुरुजी संध्याकाळी गावात नसले की शाळा पाच वाजता संपते ती संपतेच, हे खरं. पण भत्ता दिल्याने गावात भाड्याची खोली उभी राहत नाही, हेही तितकंच खरं. ज्या गावात संडास-नळासह दोन खोल्या भाड्याने मिळतात आणि स्वतःची लेकरं शिकवायची सोय आहे, तिथे राहावंच, असं माझं मत. बाकीच्यांनी निदान घर डोळे उघडे ठेवून निवडावं. कारण शहरात घर घ्यायचं ठरल्यावर बहुतेकजण प्लॉटचा भाव, वास्तू आणि मेहुणा कुठे राहतो एवढंच बघतात.

पहिली चूक किलोमीटर मोजण्यात होते. “शाळा तीस किलोमीटर” या वाक्याला फारसा अर्थ नाही. प्रवासाचे चार तुकडे असतात: घरापासून नाका, नाक्यावरची वाट बघणं, नाक्यापासून फाटा, आणि फाट्यापासून गाव. तिसरा तुकडा सगळ्यात लांब, पण तोच सगळ्यात बिनत्रासाचा. अकोला-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग 161 कनेरगाव नाका, हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा असा जिल्ह्यातून जातो. त्यावर तीस किलोमीटर जाणं आणि आडरस्त्यावर तीस किलोमीटर जाणं यांची बरोबरी होत नाही. जीव जातो तो पहिल्या आणि चौथ्या तुकड्यात. चौथा आपल्या हातात नाही; फाट्यावर उतरून पुढचे तीन किलोमीटर कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून किंवा पायी. पहिला मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि घर निवडणं म्हणजे खरं तर तोच निवडणं.

हिंगोलीत औंढा नागनाथकडे नोकरी असलेल्या माणसाने अकोला बायपासला घर घेतलं तर त्याला रोज सकाळी सगळं शहर ओलांडावं लागतं. अंतर किरकोळ. पण गांधी चौक, बाजाराची गर्दी, शाळांच्या रिक्षा, एखादं रेल्वे फाटक, यांत रोजचा पाव तास जातो, परतताना तेवढाच. प्लॉटवाला “बायपासपासून फक्त पाच मिनिटं, सर” म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. तो रविवारी दुपारी आपल्याला दाखवायला नेतो, इतकंच. तीच वाट कामाच्या दिवशी, आठवडी बाजार असेल त्या दिवशी, सकाळी पावणेनऊला स्वतः गाडी चालवून बघावी. मग पाचाची किती होतात ते कळतं.

एसटीचं गणित आणखी मजेशीर आहे. मुक्कामी गाडी ही खेड्याची जीवनवाहिनी: संध्याकाळी गावात येते, रात्री तिथेच थांबते, सकाळी गावातली माणसं घेऊन शहरात जाते. म्हणजे गुरुजींच्या प्रवासाच्या बरोबर उलटी. गुरुजी सकाळी शहरातून निघतात तेव्हा त्यांची गाडी समोरून, भरून, शहराकडे येत असते. हा काही फक्त मराठवाड्याचा छळ नाही. शिकागोच्या लोकल गाड्यांचं वेळापत्रक उपनगरातल्या लोकांना सकाळी शहरात आणण्यासाठी बांधलेलं. शहरात राहून उपनगरातल्या कंपनीत जाणाऱ्याला सकाळी उलट दिशेच्या गाड्या कमी, आणि स्टेशनवर उतरल्यावर कंपनीपर्यंत न्यायला काही नाही. त्यांचं उपनगरी स्टेशन तोच आपला फाटा. फायदा दोन्हीकडे एकच: गर्दीच्या उलट जात असल्यामुळे बसायला जागा मिळते. पुण्यातून हिंजवडी-चाकणला जाणाऱ्यांसाठी कंपन्यांनी बसगाड्या लावल्या आणि ही फट बुजवली. जिल्हा परिषद गुरुजींना बस पाठवत नाही.

हिंगोली, वसमत आणि कळमनुरी या तिन्ही आगारांचा कारभार एसटीच्या परभणी विभागाखाली चालतो. ज्या आगाराची गाडी आपल्या मार्गावर वेळेत सुटते, त्याच्या बसस्थानकाला चालत जाता येईल असं घर असलं तर दुचाकीची गरजच उरत नाही, विशेषतः बायकांना. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट झालं आणि अनेक घरांतला हिशेब एका रात्रीत बदलला. जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतरही तीस किलोमीटरला साध्या गाडीत पूर्ण तिकीट पन्नासच्या आसपास. बाईला जाऊन-येऊन तेवढ्यातच भागतं. पुरुषांसाठी मासिक पास आहे: वीस दिवसांचं भाडं भरा, तीस दिवस फिरा. ऐकायला भारी, पण जरा मोजून बघा. फेब्रुवारी 2020 च्या अखेरीपासून सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. सणवार, रजा वजा जाता कारकुनाचे महिन्याचे कामाचे दिवस जेमतेम वीस-बावीस भरतात. त्याला या पासात काय वाचलं? शनिवारी सकाळची शाळा करणाऱ्या शिक्षकाला थोडंफार वाचतं. त्रैमासिक पास मात्र पन्नास दिवसांच्या भाड्यात नव्वद दिवस चालतो, आणि तो दोघांनाही परवडतो. बरेच लोक वर्षानुवर्षं मासिकच काढत राहतात.

2021 च्या दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. त्या काळात कित्येकांनी आपापली सोय लावली, आणि भागीदारीत चारचाकी काढण्याची पद्धत घट्ट झाली. एका मार्गावरच्या चार जणांनी मिळून गाडी काढायची, पाळीपाळीने आपापली गाडी आणायची किंवा गाडीवाल्याला महिन्याला ठरलेले पैसे द्यायचे. रोजचे साठ किलोमीटर धरले, गाडी लिटरला अठरा देते असं मानलं, पेट्रोल शंभरावर पाच, तर दिवसाचे साडेतीनशे. माणशी नव्वदच्या आत. मोटारसायकलवर एकट्याने तेच साठ किलोमीटर पन्नासच्या ॲव्हरेजने सव्वाशेला पडतात. म्हणजे ऊन, पाऊस आणि कुत्री आडवी येण्याचा धोका सोसून वर पस्तीस रुपये जास्त.

या चारचाकीत जागा कुणाला मिळते, हे घराच्या पत्त्यावर ठरतं. गाडी नाक्याकडे जाताना ज्या रस्त्याने जाते त्याच्या कडेला उभा राहणारा माणूस सगळ्यांना हवा असतो. गल्लीबोळांतून वळसा घालून ज्याला घ्यायला जावं लागतं, त्याला महिनाभरात “सर, तुम्ही पुढं चौकात येत जा ना” ऐकावं लागतं, आणि मग तो चौकात मोटारसायकल लावायला जागा शोधत फिरतो. म्हणून मी तर म्हणेन, वस्ती बघताना शेजारी कोण ते बघाच, पण शेजारी सकाळी कुठल्या दिशेला जातात तेही विचारा. एकाच मार्गावरचे चार-सहा कर्मचारी ज्या कॉलनीत आहेत, ती कॉलनी दोन पैसे महाग असली तरी स्वस्त पडते.

नवरा-बायको दोघंही नोकरीला असतील तर? जिल्हा परिषदेच्या शिक्षक बदली धोरणात पती-पत्नींच्या शाळांमध्ये तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर एकत्रीकरणासाठी बदली मागता येते. म्हणजे तीस किलोमीटरपर्यंतची ताटातूट सरकारला मान्य आहे. समजा बायकोची शाळा हिंगोलीपासून वीस किलोमीटरवर कनेरगाव नाक्याच्या बाजूला, नवऱ्याची दुसऱ्या बाजूला वीसवर, कळमनुरीजवळ. हिंगोलीत राहिलं तर दोघांचं एकदिशेचं अंतर मिळून चाळीस. आता नवरा म्हणाला, आपण कळमनुरीलाच राहू. त्याचं शून्य, तिचं चाळीस. बेरीज तीच! मधल्या कुठल्याही गावी बिऱ्हाड केलं, तरी बेरीज चाळीसच राहते. एका सरळ रस्त्यावर दोन नोकऱ्या असल्या की घर त्यांच्यामध्ये कुठेही हलवा, एकूण अंतरात काडीचा फरक पडत नाही. फक्त कुणाच्या वाट्याला किती येतं ते बदलतं. मग घरातल्या भांडणाचा निकाल लागतो तो तिसऱ्या बिंदूने. मुलीची शिकवणी हिंगोलीत असेल तर हिंगोलीत राहून तिचं अंतर शून्य आणि घराचं एकूण चाळीस. कळमनुरीत राहिलं तर एकूण साठ. तीन ठिकाणं एका रस्त्यावर असली की नेहमी मधलं ठिकाण जिंकतं, बाजूची दोन कितीही लांब असोत. गणितात याला मध्यक म्हणतात. वारंगा फाट्यासारख्या ठिकाणी, जिथे 161 आणि तुळजापूरहून यवतमाळकडे जाणारा 361 हे दोन महामार्ग एकमेकांना भेटतात, तिथे वेगवेगळ्या दिशांच्या नोकऱ्या असलेल्या कुटुंबाचा हा हिशेब फाट्यावरच येऊन बसतो. पण फाट्यावर शिकवणी नाही, म्हणून कुणी बसत नाही.

या सगळ्यात एक मोठी गोष्ट अजून सांगितली नाही: बदली. नोकरीचं गाव बदलतं, घर बदलत नाही. 2021 च्या शिक्षक बदली धोरणात सर्वसाधारण क्षेत्रात दहा वर्षं आणि त्याच शाळेत पाच वर्षं झालेला शिक्षक बदलीपात्र धरला, आणि अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढलेल्याला बदली मागण्याचा हक्क दिला. गृहकर्ज वीस वर्षांचं. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत शाळा दोन-तीनदा तरी बदलणार, आणि दर वेळी दिशा वेगळी असू शकते. आजच्या शाळेच्या नाक्याला चिकटून घर घेणाऱ्याचा पाच वर्षांनी शहराच्या दुसऱ्या टोकापासून प्रवास सुरू होतो. म्हणून भाड्याचं घर आजच्या नाक्यावर घ्यावं आणि विकतचं घर सगळ्या नाक्यांच्या मध्ये. दोन्हींचे नियम वेगळे आहेत, आणि लोक नेमका उलटा व्यवहार करतात: विकतचा प्लॉट दूरच्या ले-आउटमध्ये, भाड्याचं घर गावाच्या पोटात.

जिल्हा परिषदेच्या माणसाची बदली जिल्ह्यातच फिरते, तेव्हा त्याने जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवावा. हिंगोलीपासून कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ ही तिन्ही तालुक्यांची गावं साधारण वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर्तुळात बसतात. वसमत एकटं दूर, पन्नासच्या घरात. त्यामुळे वसमत तालुक्यात नेमणूक झालेला माणूस वसमतला तरी राहतो, नाहीतर नांदेडला. वसमत हिंगोलीपेक्षा नांदेडहून जवळ. नांदेडचा मोह मोठा आहे: दवाखाने, कॉलेजं, विमानतळ. पण घरभाडे भत्ता राहण्याच्या गावावर मिळत नाही, नोकरीच्या गावावर मिळतो. नांदेड-वाघाळा मधल्या वर्गातलं शहर, तिथे नेमणूक असलेल्याला मूळ वेतनाच्या 20 टक्के. वसमत तालुक्यातल्या खेड्यात नेमणूक असलेल्याला 10. मूळ वेतन पन्नास हजार असेल तर भाडं नांदेडचं द्यायचं आणि हातात पाच हजार. आणि पुढची बदली सेनगावला झाली, तर नांदेडचं घर डोक्यावर बसतं. बँकेच्या अधिकाऱ्याला हे लागू नाही; त्याची बदली जिल्ह्याबाहेरही होते, त्याने हिंगोलीत घर विकत घेऊच नये.

आता शहराच्या आत. हिंगोलीची जुनी वस्ती स्वतःच नोकरीच्या पत्त्यावरून बसलेली आहे. निजामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. घोडदळाचा रिसाला, पायदळाची पलटन, तोफांचा तोफखाना, निवृत्तांचा पेन्शनपुरा, आणि सगळ्यांना पुरवठा करणारा सदर बाजार. ही नावं आजही पत्त्यांवर आहेत. तेव्हाचा शिपाई बराकीतून चालत कामाला जायचा. अपडाऊनचा प्रश्नच नव्हता! या जुन्या भागात सगळं पायाखाली आहे, पण गाडी लावायला जागा नाही. उलट बायपास, औंढा रोड, बळसोंडकडचे ले-आउट मोकळे, नाक्याला जवळ. तिथे बघायचं ते वेगळं. बळसोंड ही शहराला लागून असली तरी वेगळी ग्रामपंचायत आहे. म्हणजे नळ, नाली, दिवाबत्ती, घरपट्टी कुणाच्या हातात, ते प्लॉटच्या कागदावरच विचारावं. शहराला पाणी सिद्धेश्वर धरणातून येतं, पण नवी ले-आउट बहुधा बोअरवर उभी असतात, आणि बोअरचं खरं रूप एप्रिल-मेमध्ये दिसतं. एन.ए. झालं आहे का, सातबारावर काय आहे, रस्ता कागदावर आहे की फक्त खडीवर, हे तर आलंच.

दिव्यांचा मुद्दा मी वरचा धरतो. डिसेंबरात सहा वाजता अंधार पडतो. शाळा पाचला सुटली, फाट्यावर गाडी उशिरा मिळाली, की बाई नाक्यावर उतरते तेव्हा सात वाजलेले असतात. नाका ते घर हा रस्ता उजेडाचा आणि माणसांचा हवा. ले-आउटच्या माहितीपत्रकात बाग असते, मंदिर असतं, दिवे चालू असल्याचा उल्लेख नसतो.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. हिंगोलीजवळून कयाधू वाहते, वसमतकडे आसना आहे, आणि गावरस्त्यांवर असंख्य बुटके पूल आहेत. जुलै 2022 मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात एका रात्रीत पाणी शिरलं होतं. ज्या रस्त्यावर असा बुटका पूल आहे, त्या रस्त्याला पर्यायी वाट कुठल्या नाक्यावरून फुटते, हे माहीत असलेल्या माणसाची हजेरी लागते.

प्रवासाला माणूस किती वेळ देऊ शकतो, यावरही अभ्यास झाले आहेत. इटलीचे चेझारे मार्केट्टी यांनी 1994 मध्ये मांडलं की पायी चालणारा माणूस असो की मोटारवाला, दिवसाचा साधारण एक तास प्रवासात घालवतो. वेग वाढला की वेळ वाचत नाही, अंतर वाढतं. महामार्ग चौपदरी झाल्यावर लोक नांदेडला राहायला गेले, ते याच नियमाने. स्वित्झर्लंडच्या ब्रूनो फ्राय आणि अलोइस श्टुट्झर यांनी जर्मनीतल्या घरांची माहिती तपासली. जास्त प्रवास करणाऱ्याला त्याच्या बदल्यात चांगलं घर किंवा जास्त पगार मिळत असावा, म्हणजे समाधान सारखंच भरावं, असा अर्थशास्त्राचा अंदाज. निघालं उलट: प्रवास जितका लांब, तितका माणूस कमी समाधानी. मोठ्या घराची सवय लवकर होते, रस्त्याची सवय होत नाही.

येत्या काही वर्षांत हा हिशेब करायला नवीन माणसं येतील. औंढा तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 2,600 कोटींना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेलं हे यंत्र इतकं हळवं असतं की दूरच्या वाहनांचा, आगगाडीचा कंपही त्याला नको. म्हणजे ही नोकरी शहरापासून लांब आहे ती योगायोगाने नाही, लांब असणं हीच तिची गरज. अमेरिकेत हॅनफर्डच्या वेधशाळेतली माणसं रिचलंड, केनविक, पास्को या लगतच्या गावांत राहतात, लिव्हिंग्स्टनची माणसं बॅटन रूज गाठतात. इथे पर्याय औंढा, हिंगोली, वसमत, फार तर परभणी-नांदेड. औंढ्यात नागनाथाच्या यात्रेची गर्दी आणि मोजकी भाड्याची घरं; हिंगोलीत शाळा-दवाखाने, पण रोज पंचवीस किलोमीटरच्या वर; नांदेडहून विमान, पण रोजचे दोन-तीन तास गाडीत. लहान लेकरं असलेल्या अभियंत्याला मी हिंगोली सांगेन, तेही औंढा रोडच्या बाजूला, आणि पहिला पावसाळा व पहिला मे महिना भाड्याच्या घरात काढून. औंढा रोडचे प्लॉटवाले तोवर थांबणार नाहीत, दर चढवतीलच. चढवू द्यावेत, वेधशाळेचा माणूस बदलीवरचा आहे की कायमचा, हे आधी ठरू द्यावं.